टाकलेल्या पैलवानांची गड्डी

जगातल्या एकूण काळजीचा ठोक व्यापार नेकनूरला आमच्या मामाच्या दुकानातून चालतो आणि बाकीच्या लोकांना ती तिथूनच किरकोळीनं मिळते, अशी माझी लहानपणी पक्की समजूत होती. मोठी झाल्यावर कळलं, समजूत फार काही चुकीची नव्हती. ढग आला की मामाला ओट्यावर वाळत घातलेल्या मिरच्यांची काळजी, ढग गेला की बोअरच्या पाण्याची. दुकानात गिऱ्हाईक नसलं की धंद्याची काळजी, आणि गर्दी झाली की कुणाचं तरी कोपर लागून काचेची बरणी पडेल याची. झोप येत नाही म्हणून काळजी करायचा, आणि एखाद्या दिवशी गाढ झोप लागली की सकाळी उठून आधी स्वतःची नाडी बघायचा. एकदा आम्ही सगळे बीडला लग्नाला निघालो होतो. मांजरसुंब्याला बस थांबली, लोक चहाला उतरले, आणि चहा होईस्तोवर मामा गायब. दुकानाचं कुलूप नीट लागलंय की नाही ते बघायला तो उलट्या दिशेच्या जीपमध्ये बसून नेकनूरला परत गेला होता. कुलूप लागलेलंच होतं. बीडला पोचला तेव्हा पंगती उठून गेल्या होत्या. आईनं त्याच्यापुढे उरलीसुरली बुंदी ठेवली, तर हा घास हातात धरून मला हळूच विचारतो, "ओढून बघताना कुलपाचा खटका सैल झाला आसंल का गं?"

त्याच्या सगळ्या काळज्यांच्या मुळाशी एकच प्रश्न असायचा, "आन् गेलं तर?" स्कूटर घ्यायची ऐपत होती, पण घेतली नाही, कारण चोरीला गेली तर? मनगटी घड्याळ होतं, पण ते मनगटावर कधी दिसलं नाही. रुमालात गुंडाळून बंडीच्या आतल्या खिशात ते सुखरूप असायचं, आणि वेळ बघायची झाली की मामा समोरच्या टेलरला विचारायचा. त्याच्या लग्नासाठी म्हणून कधीकाळी घेतलेल्या कोऱ्या चादरी ट्रंकेत डांबराच्या गोळ्यांबरोबर पडून होत्या. चांगल्या कपबशा फळीवर, आणि हा स्वतः कान तुटलेल्या कपातून चहा प्यायचा. त्याचं म्हणणं, ज्याचा कान तुटून झालाय त्याच्याकडे लक्ष ठेवावं लागत नाही. दारात एकदा बदामाचं रोप उगवलं. उद्या त्याचं झाड होईल, पोरं चढतील, पडतील, म्हणून त्यानं ते उपटलं, आणि उपटल्यावर ते वाळून जाईल म्हणून अर्धा कोस चालत जाऊन कुणाच्या तरी बांधावर लावून आला. माझा स्वभाव आधीच तापट. मला या माणसाचा भयंकर राग यायचा, आणि इतका राग येऊनही सुट्टी लागली की मी त्याच्याकडेच जायचे. बीडला डी.एड.ला होते तेव्हा तर शनिवारी शेवटचा तास संपायच्या आत माझी पिशवी नेकनूरच्या बससाठी तयार असायची.

अशा माणसाचं लग्न जमणं अवघडच. पहिल्या ठिकाणी त्यानं मुलीच्या वडिलांना विचारलं की तुमच्या विहिरीला कठडा आहे का. ते बिचारे म्हणाले, मुलगी तुमच्याकडं येणार, विहीर इथंच राहणार. दुसऱ्या ठिकाणी शेंगदाणा घशात अडकेल या भीतीनं तो पोह्यांतला एकेक दाणा बशीच्या कडेला काढत गेला, आणि मुलीच्या आईला वाटलं, नापसंती कळवायची या लोकांत अशी पद्धत असावी. तिसरीकडे मात्र मुलगी पसंत होती, मुलीलाही हा पसंत होता. सगळं ठरत आलं असताना यानं तिला विचारलं, उद्या मला काही झालं तर तुम्ही काय करणार? ती रडत आत गेली आणि आम्ही निमूट बसस्टँडवर आलो. पुढं मामाचे केस विरळ झाले, चष्मा लागला, स्थळं येणं थांबलं. माझी आई त्याची थोरली बहीण. ती तेवढी थांबली नाही.

मग घाटनांदूरच्या बाईंचं स्थळ आलं. बाई तिथल्या शाळेत शिक्षिका होत्या. नवरा जाऊन काही वर्षं झालेली, पदरात अकरा वर्षांचा मुलगा. आमच्या शैव वाण्यांत अशा लग्नाला नाकं मुरडणारे पुष्कळ होते, पण दुसऱ्यांच्या नाकांची काळजी आईनं कधीच केली नाही. तिच्या वाटणीची सगळी काळजी भावाकडे गेली होती. आम्ही तिघं घाटनांदूरला गेलो. पोहे आले, आणि मी मनात म्हटलं, आता हा तेच विचारणार, उद्या मला काही झालं तर. त्यानं विचारलंच. आईनं कपाळाला हात लावला. बाईंनी मात्र हातातलं ताट खाली ठेवलं आणि शांतपणे म्हणाल्या, "झालं तर बघू. एकदा बघितलंय मी. माणूस उभं राहतं परत."

मामाच्या त्या प्रश्नाला आजवर लोक हसले होते, रागावले होते, रडले होते. उत्तर कुणी दिलं नव्हतं. त्यानं बशीतले पोहे दाण्यांसकट खाल्ले. परतताना अंबाजोगाईच्या स्टँडवर एक बस मागं येत येत त्याच्या अगदी अंगाजवळून गेली तरी तो जागचा हलला नाही. आई माझ्या कानात म्हणाली, ह्याला बाई पसंत पडलेली दिसते.

पण बाईंची एक अट होती. त्यांची स्वतःची ना नव्हती, मात्र मुलगा, ओंकार, हो म्हणाल्याशिवाय त्या हो म्हणणार नव्हत्या. आणि वेळही फार नव्हता. मे महिन्यात शिक्षकांच्या बदल्या व्हायच्या, अर्ज त्याआधी द्यायचा. नेकनूरच्या बाजूची शाळा मागायची की आहे तिथंच राहायचं, हे त्या मुलाच्या एका शब्दावर येऊन अडकलं होतं. आणि ओंकार एक शब्द म्हणून बोलत नव्हता. आम्ही आलो तेव्हा तो ओट्यावर कार्डं मांडून बसला होता, आम्ही निघालो तेव्हाही तसाच बसला होता. मामानं जाताना त्याला "येतो हं" म्हटलं, तर त्यानं एक कार्ड उचलून दुसऱ्या जागी ठेवलं. झालं, मामाच्या काळजीला धंदा मिळाला. इतके दिवस ती गावभर फिरायची, आता एका जागी बसली. पोरगं न्हाई म्हनलं तर?

तो काळच त्या कार्डांचा होता. गावोगाव नुकतंच केबल आलं होतं, घरांच्या धाब्यांवर डिशच्या छत्र्या उगवल्या होत्या, आणि जत्रेतल्या फडावर लाल मातीतली कुस्ती बघणारी पोरं आता दुपारभर परदेशी पैलवानांच्या कुस्त्या बघत बसायची. त्या पैलवानांची कार्डं च्युइंगमच्या पुडीत एकेक निघायची. कार्डावर पैलवानाचा दात विचकलेला फोटो आणि खाली त्याची सगळी मापं: नंबर, उंची, वजन, छाती, किती लढती लढला, किती जिंकला. खेळ सोपा होता. दोघांनी आपापल्या गड्डीतलं एकेक कार्ड लावायचं आणि छापा-काटा करायचा. जो जिंकेल त्यानं एक बाब पुकारायची, वजन म्हणा, छाती म्हणा. ज्याचा आकडा मोठा, त्यानं दोन्ही कार्डं उचलायची. फक्त नंबरात उलटं, तिथं एक नंबरवाला सगळ्यांत भारी. कच्ची खेळली तर शेवटी ज्याचं त्याला परत. पक्की खेळली तर गेलं ते गेलं, आईबापांनी मध्ये पडून उपयोग नाही.

मामानं ठरवलं की आपण हा खेळ शिकायचा. आणि गड्डी त्याला बाहेर शोधावी लागली नाही, कारण ती त्याच्या दुकानाच्या पायरीवर रोज आपोआप साठत होती. पोरं त्याच्याकडून च्युइंगम घ्यायची, पुडी पायरीवरच फोडायची, भारी पैलवान निघाला तर गावाला ऐकू जाईल अशी आरोळी ठोकायची आणि फुसका निघाला तर कार्ड तिथंच टाकून चालू लागायची. त्यावरून कुणाचा पाय घसरेल म्हणून मामा ती रोज वेचायचा आणि बिस्किटांच्या रिकाम्या डब्यात टाकायचा. एका रविवारी दुपारी त्यानं तो डबा माझ्यापुढे पालथा केला. नेकनूरच्या पोरांनी नाकारलेले जगातले सगळे पैलवान त्यात होते. मी म्हटलं, मामा, ही रद्दी आहे, चार बरी कार्डं पोरांकडून विकत घे. तो म्हणाला, "इकत घेतलं आन् गेलं तर?"

आणि मग त्यानं जे केलं ते बघून मी माझं तोंड बंद ठेवलं. एकेक कार्ड डोळ्याजवळ नेऊन तो मापं वाचत गेला. टाकलेल्यांपैकी बहुतेक जण सगळ्या बाबतींत फुसके होते खरे, पण काहींचं एखादं माप भलतंच होतं. एक नुसताच मांसाचा डोंगर होता, त्याला ना उंची ना नंबर, पण वजनात त्याला कुणी हलवू शकलं नसतं. एक काडीपैलवान होता, त्याची छाती बघून दया यायची, पण उंचीला तो सगळ्यांच्या वर. असे एकेका गुणाचे लोक त्यानं वेगळे काढले, आणि प्रत्येकाचा गुण पाठ केला. त्यातच एक म्हातारा होता. गाल बसलेले, डोक्यावर केस नाहीत, नंबर अगदी तळाचा, जिंकलेल्या कुस्त्या नावापुरत्या. पण लढती मात्र त्याच्याइतक्या कुणीच लढलेलं नव्हतं. मामा त्या कार्डाकडे बराच वेळ बघत राहिला. "हारलाय लई," तो म्हणाला, "पन उतरलाय किती येळा बघ." मी म्हटलं, हा तुझ्यासारखाच दिसतो. त्यावर त्यानं कार्ड सदऱ्याला पुसलं आणि सगळ्यांत वर ठेवलं. मग गड्डी जुळवून म्हणाला, यातलं एकही कुणाला नको आहे, म्हणजे गेलं तरी काही जात नाही. इतका निश्चिंत मी त्याला कधीच पाहिला नव्हता.

पुढचे काही दिवस दुकानाच्या पायरीवर तालीम चालली. चष्मा नाकावर, पायजमा गुडघ्यापर्यंत वर ओढलेला, असा मामा चौथी-पाचवीतल्या पोरांपुढं मांडी घालून बसायचा, आणि तेल मागायला आलेली बायामाणसं बाटली हातात धरून खेळ बघत उभी राहायची. गंमत म्हणजे तो जिंकायला लागला. छापा पडला की मांसाचा डोंगर वजन पुकारायचा आणि पोरांचे नामांकित पैलवान चीत व्हायचे. पण जिंकलेलं चांगलं कार्ड हातात आलं की मामाला घाम फुटायचा. "घेऊन जा बाबा तुजं, माज्याकडनं हरवलं तर?" असं म्हणून तो ते लगेच परत करायचा. त्यामुळं पोरं त्याच्यावर फार खूश होती, आणि मामाला वाटलं की ओंकारही होईल.

घाटनांदूरला दुसऱ्यांदा गेलो तेव्हा मामा सरळ ओट्यावर जाऊन बसला आणि त्यानं खिशातून गड्डी काढली. ओंकारनं पहिल्यांदाच त्याच्याकडे मान वर करून बघितलं. पक्की का कच्ची, एवढंच विचारलं. मामा म्हणाला, पक्की. खेळ सुरू झाला. छाप्यानं मामाला साथ दिली आणि डोंगरानं, काडीपैलवानानं ओंकारची दोन चांगली कार्डं उचलली. मामानं सवयीप्रमाणं ती हसत हसत त्याच्यापुढं सरकवली. पोराचा चेहरा बदलला.

"पक्की म्हनलात ना? मग परत कावून देताय?"

"तुजं हाय ते. राहू दे."

ओंकारनं मामाची गड्डी हातात घेतली आणि एकेक कार्ड ओट्यावर मांडत गेला. मग म्हणाला, "ही समदी टाकून दिलेली कारडं हायत. तुमचं कायीच जात न्हाई ह्यात. माजं एकट्याचंच जातंय." आपली कार्डं गोळा केली आणि आत निघून गेला. बाई दारात उभ्या होत्या. चहा देताना त्यांनी मामाकडे बघितलं नाही, आणि ते मामाला लागलं.

परतीच्या वाटेवर आई त्याला अंबाजोगाईपर्यंत बोलत होती आणि केजपासून पुढं तिनं अबोला धरला. मी पुढच्या शनिवारी गेले तर मामा हिशेबाच्या कागदावर नुसत्या रेघा ओढत बसला होता. आपण काय लावावं, असं त्यानं मला विचारलं. मी म्हटलं, बरणीतल्या पुड्या फोड, एखादा तरी एक नंबरवाला निघेल. गिऱ्हाइकाच्या पुड्या कशा फोडायच्या, म्हणून त्यानं स्वतःच्याच गल्ल्यात पैसे टाकून स्वतःचीच बरणी विकत घेतली, आणि आम्ही दोघांनी ती अख्खी फोडली. च्युइंगम वाया जाऊ नये म्हणून सगळ्यांना वाटलं. त्या दिवशी समोरचा टेलर, पिठाच्या गिरणीवाला, पेन्शनीतले गुरुजी, सगळं नेकनूर तोंड हलवत होतं. पैलवान मात्र धड निघाला नाही. त्याच त्या मांसाच्या डोंगराची ढीगभर भावंडं निघाली.

रविवारी आम्ही दोघंच निघालो. आईला मुद्दाम नेलं नाही. अर्ज द्यायला आता थोडेच दिवस राहिले होते आणि मामाच्या खिशात तीच जुनी गड्डी होती. ओंकार ओट्यावर होता. तो आत गेला नाही, एवढंच त्यातल्या त्यात बरं. दोघं काही वेळ कच्ची खेळले. मी बघत होते, पोरगं खेळाकडे कमी आणि मामाच्या हातांकडे जास्त बघत होतं. म्हाताऱ्याचं कार्ड आलं की मामा ते लावायच्या आधी सदऱ्याला पुसायचा, आणि हरला तरी पुढच्या डावाला लगेच परत घ्यायचा. ते ओंकारनं हेरलं. त्यानं हात थांबवला आणि म्हणाला, "हे लावा. पक्की. आन् परत द्यायचं न्हाई."

मग त्यानं गड्डीतून नव्हे, चड्डीच्या खिशातून प्लॅस्टिकमध्ये गुंडाळलेलं एक कार्ड काढलं. तो एक नंबरवाला होता. दारातून बाई म्हणाल्या, ओंकार, ते नको रे. त्या कार्डासाठी त्यानं आपली अख्खी गोट्यांची बरणी दिली होती. ओंकारनं आईकडे बघितलंसुद्धा नाही.

दोन्ही कार्डं उघडीच होती, त्यामुळं सगळं छापा-काट्यावर आलं. ओंकारला पुकारायला मिळालं तर म्हातारा कशातही हरणार होता. मामाला मिळालं तर त्याच्याकडे एकच शब्द होता. ओंकारनं नाणं उडवलं, मामानं काटा मागितला, आणि काटाच पडला.

तेव्हा मला खरी भीती वाटली. मामानं लढती पुकारल्या तर पोराचं जिवापाड जपलेलं कार्ड जाणार, आणि ज्या माणसानं ते नेलं त्याला हे पोरगं घरात कशाला घेईल? मी मामाकडे बघून डोळे मोठे केले, ओठांनी न बोलता म्हटलं, वजन म्हण, वजन. मामाच्या कपाळावरून घाम खाली चष्म्यात उतरत होता. त्यानं माझ्याकडे बघितलं, बाईंकडे बघितलं. ओंकार कार्डाकडे बघतच नव्हता, तो मामाच्या तोंडाकडे बघत होता.

"लढती," मामा म्हणाला. डॉक्टरला रिपोर्ट विचारावा तशा आवाजात.

ओंकारनं दोन्ही कार्डं त्याच्याकडे ढकलली. खालचा ओठ दातात धरला होता. मामाचा हात सवयीनं पुढं झाला, तसा तो म्हणाला, "न्हाई म्हनलं ना." मामानं हात मागं घेतला, एक नंबरवाला रुमालात गुंडाळला आणि बंडीच्या आतल्या खिशात घड्याळाशेजारी ठेवला. चहा न घेताच आम्ही उठलो.

त्यानंतरचा बसचा प्रवास मी जन्मात विसरणार नाही. मामानं घाटनांदूरला छातीवर जो हात ठेवला तो काढलाच नाही. कार्ड वाकू नये म्हणून श्वासही जपून घेत होता, आणि घाम तर चाललाच होता. अंबाजोगाईला बस बदलली आणि नव्या बसमधल्या लोकांनी त्याच्याकडे बघून आपापसांत ठरवून टाकलं की ह्या माणसाला झटका येतोय. एका म्हातारीनं पदरानं वारा घालायला सुरुवात केली. एकानं तोंडात साखर घातली. कंडक्टरनं ड्रायव्हरच्या कानात काहीतरी सांगितलं. मी जीव तोडून सांगत होते की ह्यांना काही झालेलं नाही, पण त्या वयाच्या मुलीचं कोण ऐकतं? आणि मामा खरं सांगेना, कारण खरं सांगितलं तर खिशात काहीतरी आहे हे अख्ख्या बसला कळलं असतं. शेवटी केजला ड्रायव्हरनं बस थेट एका डॉक्टरच्या दारात नेऊन उभी केली. डॉक्टर म्हणाले, खिशातलं काढा. मामा म्हणाला, "ते सोडून कुटं बी तपासा." त्यांनी बिचाऱ्यांनी पाठीवरून तपासलं आणि पित्ताच्या गोळ्या दिल्या.

नेकनूरला उतरल्यावर माझा राग बाहेर पडला. मी विचारलं, तुला वजन म्हणायला काय झालं होतं? तो रस्त्याच्या कडेला थांबला आणि म्हणाला, "पोरगं माज्या तोंडाकडं बघत होतं गं. मुद्दाम हारलो आसतो तर त्याला कळलं आसतं. मला त्याचंच लई भ्या वाटलं." या माणसाचा खरेपणासुद्धा भीतीतूनच निघतो, हे मला तेव्हा पहिल्यांदा कळलं, आणि तरी तो खरेपणाच होता.

ते कार्ड घरात आल्यापासून मामाचं काही खरं राहिलं नाही. फळीवर ठेवावं तर पाल, डब्यात ठेवावं तर मुंग्या, गल्ल्यात ठेवावं तर चुकून गिऱ्हाइकाला सुट्ट्यांबरोबर जायचं. शेवटी ट्रंक त्यातल्या त्यात बरी ठरली, पण डांबराच्या गोळ्यांनी रंग उडाला तर, म्हणून गोळ्या बाहेर काढल्या, आणि गोळ्या नसतील तर चादरींना कसर लागेल म्हणून चादरीही बाहेर काढल्या. मी शनिवारी आले तेव्हा खाटेवर कोरी गुलाबी चादर बघून दारातच थबकले. लग्न मोडलंच असं तो धरून चालला होता. एका पोराचं कार्ड आपल्याकडे राहिलं आणि ते पोरगं आता कधी येणार नाही, एवढंच तो परत परत सांगत होता.

दुपारची बस आली आणि तिच्यातून बाई उतरल्या. मागं ओंकार. तो सरळ दुकानात आला आणि म्हणाला, "माजं कारड कुटंय?"

मामा आत गेला. ट्रंकेचा आवाज आला. हातात पांढऱ्या फडक्याची घडी घेऊन तो बाहेर आला. फडक्यात दोन पुठ्ठे, पुठ्ठ्यांत प्लॅस्टिक, प्लॅस्टिकमध्ये कार्ड. ओंकारनं ते उन्हात धरून चारी कोपरे तपासले.

"कुणासंगं लावलं का?"

"न्हाई."

"दाखवलं?"

"न्हाई रे. डाक्टरला सुदिक न्हाई."

मामानं म्हाताऱ्याचं कार्डही आतून आणून काउंटरवर ठेवलं होतं. ओंकारला डाव मागायचा असेल तर मामा हरायलाही तयार होता, पण ते त्याच्या चेहऱ्यावर इतकं स्पष्ट दिसत होतं की मला हसू आलं आणि लगेच रडूही आलं. ओंकारनं म्हाताऱ्याकडे बघितलं, एक नंबरवाल्याकडे बघितलं. मग त्यानं ते प्लॅस्टिकमध्ये घातलं, दोन पुठ्ठ्यांत ठेवलं, फडक्याची घडी होती तशी घातली आणि मामापुढं धरली.

"तुमच्याकडंच ठिवा," तो म्हणाला. "माज्याकडनं समदं हरवतंय."

एवढं बोलून तो पायरीवर जाऊन बसला. बाई पाठ फिरवून टांगलेल्या शाम्पूच्या पुड्यांच्या माळा बघत उभ्या राहिल्या, बराच वेळ. मग त्यांनी तिकडंच बघत विचारलं की अर्जात नेकनूर लिहू का. प्रश्न कुणाला होता ते कळायला मार्ग नव्हता. ओंकार पायरीवरून म्हणाला, "लिव्ह की."

आता या गोष्टीला खूप वर्षं झाली. मामीची नोकरी सरली, दुकान भाड्यानं दिलंय. ओंकार पुण्याला एका कंपनीत आहे, मोटारसायकल चालवतो, आणि मामाला पुण्यातले सगळे धोकादायक चौक नेकनूरमध्ये बसून तोंडपाठ आहेत. परवा मी गेले होते. संध्याकाळी ओंकारचा फोन यायची वेळ टळून गेली होती आणि मामा दारातून फोनपाशी, फोनपासून दारात अशा फेऱ्या घालत होता. मामीनं आतून दोनदा बसायला सांगितलं. माझा स्वभाव काही वयाबरोबर निवळला नाही. मी म्हटलं, मामा, सबंध जन्म काळजीत घालवलास, आता तरी पुरे कर.

तो थांबला. चष्मा काढून पुसला.

"तवा उगंच भ्यायचो गं," तो म्हणाला. "जायला कायी नव्हतंच माज्याकडं. आता हाय."

मी त्याच्यासाठी खुर्ची फोनजवळ ओढली आणि शेजारी माझी. मग आम्ही दोघं फोनकडे बघत बसलो.